आंबेमोहराची गादी

महिपतीने मोटारीची मागची सीट उपसून ओसरीवर आणून आदळली, तेव्हा सावित्राबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. सीट आदळली तशी तिच्यातून धूळ उडाली, धुळीमागून दोन झुरळे निघाली आणि झुरळांमागून काळ्या केसांचा एक पुंजका बाहेर लोंबायला लागला.

"अगं बया! कुणाचं डोस्कं आणलं ह्ये?" सावित्राबाई पिठाच्या हातानेच उठून आली.

"डोस्कं न्हाई, घोड्याची शेपूट हाय. विलायतेत शिटीत घोड्याचं क्यास भरत्यात."

"मंग ती विलायतेतच ऱ्हाऊ द्या की. पंचमी धा दिसांवर आली, आन माज्या ओसरीवर मेल्या घोड्याची शेपूट!"

"पंचमीसाठीच चाललंय समदं," महिपती म्हणाला आणि त्याने बाही वर सारली. बाही वर सारलेल्या महिपतीशी वाद घालून उपयोग नसतो, हे सावित्राबाईला लग्न झाल्यापासून ठाऊक होते. ती पुन्हा तव्याकडे वळली.

ही मोटार महिपतीची, यावर परक्या माणसाचा चटकन विश्वास बसत नसे. भुशीच्या रस्त्याला एका पारशी शेटजींचा बंगला होता. महिपती तिथे आधी माळी होता, मग रखवालदार झाला आणि शेवटी ड्रायव्हर झाला. बासष्ट साली शेटजींनी बंगला विकला आणि मुंबईला कायमचे जाताना ही चौतीस सालची, उघड्या टपाची विलायती मोटार त्याला बक्षीस देऊन टाकली. तेव्हापासून आसपासच्या चार वाड्यांत स्वतःची मोटार असलेला महिपती हा एकटा माणूस होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

पण गेल्या वैशाखात या मोटारीने त्याचे नाक कापले होते. लेक लीला हिचे लग्न झाले, बेगडेवाडीच्या तालेवार घरात. वरातीला अर्थातच मोटार. नवरा-नवरी पुढे बसली आणि विहीणबाई कस्तुराबाई मागे बसायला आल्या. कस्तुराबाईंचा देह चांगला भरलेला, अंगावर सोने, शिवाय नेसलेला शालू. त्या टेकल्या मात्र, आतल्या कुजलेल्या पट्ट्यांनी राम म्हटला आणि विहीणबाई सीटमधून थेट मोटारीच्या तळाशी गेल्या. बाहेरून फक्त नथ दिसत होती. दोन व्याही आणि एक ताशेवाला यांनी मिळून त्यांना वर काढले. कस्तुराबाईंनी पदर सारखा केला आणि साऱ्या वऱ्हाडापुढे शांतपणे सांगितले, "मोटार झ्याक हाय. बसायला जागा न्हाई, यवडंच."

वऱ्हाड हसले. ताशेवालासुद्धा हसला. महिपतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ईनबाई," तो गरजला, "पंचमीला लेकीला न्यायला ह्याच मोटारीनं यीन. शीट म्या सोताच्या हातानं करीन. आन त्या शिटीवर बसवून तुमाला गावाला फेरी न्हाई मारली, तर पुन्यांदा तुमच्या दारात मोटार आणणार न्हाई!"

'स्वतःच्या हाताने' हे शब्द त्याच्याकडे कुणीही मागितले नव्हते. पण माणूस चिडला की गरजेपेक्षा दोन शब्द जास्त बोलतो, आणि पुढे निस्तरावे लागतात ते नेमके तेच दोन.

सीट उसवल्याची बातमी लोणावळ्याच्या बाजारात पोचायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीनभाई सायकल हाकत आले. लोणावळा-खंडाळ्याच्या निम्म्या टांग्यांच्या गाद्या आणि सगळ्या बंगल्यांचे कोच या माणसाच्या हातचे. महिपतीशी दोस्ती बंगल्याच्या दिवसांपासूनची. ओसरीवरचा पसारा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"महिपतराव, हे काय? मला बोलवायचं नाही का?"

"भाई, तुमाला कसं बोलवू? सोताच्या हातानं करीन म्हणून बसलोय."

"अहो, सीट म्हणजे घर बांधण्यासारखं आहे. खाली पट्ट्या, पट्ट्यांवर स्प्रिंगा, त्यावर किंतान, मग काथ्या, मग कापूस, आणि सगळ्यात वर रेक्झीन. एक थर चुकला की बसणारा चुकला. मी करतो. शेवटचा टाका तुम्ही घाला. हात तुमचाच लागला की नाही?"

महिपतीने क्षणभर विचार केला. सावित्राबाईने आतूनच "व्हय म्हणा, व्हय म्हणा" अशा खुणा केल्या. पण त्याने मान हलवली.

"न्हाई भाई. शबूद म्हंजे शबूद. एका टाक्यानं तो पुरा व्हायचा न्हाई."

अल्लाउद्दीनभाईंना हे उत्तर मनापासून आवडले आणि त्यांना दुःखही तेवढेच झाले. त्यांनी चहा घेतला, उसवलेल्या सीटकडे आजारी नातेवाइकाकडे बघावे तसे एकदा बघितले आणि ते निघून गेले.

महिपतीने कामाला जोर लावला. गंजलेल्या स्प्रिंगा त्याने दुधीच्या मांडवाला अडकवून टाकल्या आणि सांगाड्यावर सागाची फळी ठोकली. पुन्हा विहीणबाई खाली जायला नकोत. आता फळीवर काय भरायचे? मावळातल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. पाहुणा बैलगाडीत बसणार असला की साठ्यात, म्हणजे गाडीच्या तळावर, पेंढा पसरायचा, ही तर वाडवडिलांपासूनची रीत. आणि महिपतीच्या माळ्यावर पेंढा होता तो साधासुधा नव्हता, आंबेमोहराचा होता. ज्या तांदळाचा भात एका घरात शिजला की चार घरांत भूक लागते, त्याचा पेंढा! विलायती घोड्याच्या शेपटीला असा वास सात जन्मांत येणार नाही, असे त्याने सावित्राबाईला ऐकवलेही.

पेंढा ठासून भरला आणि तो वर बसला, तर करकर आवाज झाला. जरा हलला, पुन्हा करकर. विहीणबाई बसल्यावर असा आवाज आला तर बेगडेवाडी वर्षभर हसेल. महिपतीने डोके खाजवले आणि त्याला उपाय सापडला. कोरडी वैरण मऊ करायची तर काय करतात? मिठाचे पाणी शिंपडतात. त्याने घमेलेभर मिठाचे पाणी केले, त्यात घरात होता म्हणून गुळाचा एक खडाही टाकला आणि सगळ्या पेंढ्याला हबके मारले. रात्रभर तो झाकून ठेवला. सकाळी पेंढा असा मऊ झाला की आवाजाचे नाव नाही.

वरून लाल रेक्झीन ताणले आणि दाभण-सुतळीने शिवायला घेतले. भाताची पोती शिवण्यात महिपतीचा हात धरणारा आख्ख्या पंचक्रोशीत नव्हता. त्याने तसेच लांब लांब टाके घातले आणि पोत्याला मारतात तशीच शेवटी सरगाठ मारली, बाजारात एका हिसक्यात सुटते ती. हाताला सवयच ती, त्याला बिचारा तो काय करणार? मागची झाली, मग पुढचीही तशीच केली. सहा दिवस लागले. बोटांना अकरा ठिकाणी दाभण टोचला. शेवटी दोन्ही सीटा ओसरीवर मांडून तो समोर उकिडवा बसला आणि नुसता बघत राहिला. आयुष्यात पुष्कळ बागा लावल्या, पण त्या शेटजींच्या. ही गादी त्याची होती.

"कशी झाली?" त्याने विचारले.

सावित्राबाई बसली, जरा उसळून बघितले, आणि तिचे तोंड उजळले. "लय ग्वाड झाली वं! माज्या भयनी बघाया फायजे व्हत्या."

अल्लाउद्दीनभाई आले. त्यांनी तळहात दाबून बघितला, बसून बघितले, मग खाली वाकून सीटचा वास घेतला.

"खोटं बोलणार नाही, महिपतराव. मऊ आहे. वासही झकास आहे. पण ही सीट नव्हे."

"मंग काय हाय?"

"तेच तर मला कळेना."

"कारागिराचं पोट दुखतंय," महिपती हसून म्हणाला. "परवा चला माज्यासंगं. ईनबाईला बसवतो तुमच्या डोळ्यांदेखत."

पंचमीच्या तीन दिवस आधी दोघे निघाले. लोणावळ्यात श्रावणाची रिपरिप होती, म्हणून टप वर होता. तो चार ठिकाणी गळत होता आणि मागची सीट थोडी ओलावली. कामशेतच्या पुढे ऊन पडले. महिपतीने लगेच टप खाली केला. सहा दिवसांची मेहनत झाकून न्यायला तो काही वेडा नव्हता.

तिथून पुढे एक गंमत सुरू झाली. रस्त्याकडेला चरणाऱ्या गाई मान वर करून बघू लागल्या. दोन शेळ्या फर्लांगभर मागे धावल्या. रेल्वेच्या फाटकापाशी थांबावे लागले तर मागच्या बैलगाडीचा पांढरा बैल पुढे झाला आणि त्याने मागच्या सीटला लांबलचक चाटले.

"बघितलंसा का भाई?" महिपतीची छाती फुगली. "मुक्या जनावराला बी कळतंय, काम कसं झालंय त्ये."

"कळतंय खरं," अल्लाउद्दीनभाई म्हणाले आणि त्यांनी हळूच बैलाचे तोंड बाजूला सारले.

बेगडेवाडीत मोटार अंगणात शिरली, पण अपेक्षित असा गलका झाला नाही. कस्तुराबाई ओट्यावर गालाला हात लावून बसल्या होत्या. लीला धावत आली, बापाच्या पाया पडली आणि कुजबुजली, "आबा, जरा सबुरीनं. आत्याबाईंची चंद्री चार दिस झालं तोंड लावंना."

चंद्री म्हणजे कस्तुराबाईंची म्हैस. त्यांनी स्वतः लहानाची मोठी केलेली, पोटच्या पोरीसारखी. व्यायल्यापासून तिने चारा सोडला होता. सरकी झाली, पेंड झाली, कोवळे गवत झाले, गुळातला दलिया झाला. तळेगावाहून डॉक्टर येऊन गेले, वैदू येऊन गेला. चंद्री नुसती मान फिरवायची. खुंट्याशीही बांधत नव्हते तिला आता, कुठे पळणार होती बिचारी? परड्यात मान टाकून उभी होती. व्याही कान्हूभाऊ तिच्याशेजारी तसेच मान टाकून उभे होते.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण महिपतीला रात्री स्वप्नात हेच अंगण दिसत होते.

"ईनबाई, शबूद दिलता. शीट आणलीया. सोताच्या हातानं केलेली."

कस्तुराबाई सुस्कारा सोडून उठल्या. "माजं चित्त थाऱ्यावर न्हाई, व्याहीबुवा. पर तुमी यवड्या लांबनं आलासा, बसते."

त्यांनी आधी हाताने चाचपले. मग मोटारीचा दरवाजा घट्ट धरून त्या हळूहळू टेकल्या. अंगणात सगळ्यांनी श्वास रोखला. काही मोडले नाही. काही करकरले नाही. विहीणबाई सीटवर होत्या आणि सीट जागच्या जागी होती.

"मऊ हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. मग त्यांनी नाक वर केले. "वास बी ग्वाड येतोय. फेरी मारू, पर आदी जेवा. जनावर उपाशी हाय, पावणा तरी नगं."

महिपतीला वाटले, जन्माचे सार्थक झाले. तो जेवायला बसला तो नवरदेवासारखा. भाकरी मोडताना त्याने अल्लाउद्दीनभाईंकडे असे काही बघितले की भाईंनी मुकाट्याने आमटीत बघितले.

दुसरी भाकरी अर्धी झाली असेल, तेवढ्यात अंगणातून टर्रर्र असा लांब आवाज आला. लीला बाहेर गेली आणि उलट पावली आत आली.

"आबा! तुमची शीट!"

सगळे उष्ट्या हातांनी बाहेर धावले. परड्यातून चालत आलेल्या चंद्रीने मोटारीच्या दारावरून मान आत घातली होती. सुतळीचे टोक तिने एकदाच ओढले असणार. सरगाठ ती, इमानाने सुटली होती. लाल रेक्झीन केळीच्या सालीसारखे बाजूला पडले होते आणि चंद्री डोळे मिटून आंबेमोहर खात होती.

"हाऽऽड! हाऽऽड!" महिपती दांडके शोधत धावला. पण त्याचे मनगट कुणीतरी पकडले. कस्तुराबाईंची पकड होती ती. सुटायची सोय नव्हती.

"खबरदार! हात लावाल तर बघा! खाऊ द्या तिला!"

"ईनबाई, माजी शीट..."

"चार दिसांनी तोंड लावलंय वं तिनं!" भर अंगणात उभी राहून ती बाई पदराने डोळे पुसू लागली. "खा गं माजी बाय. खा. घाई करू नगंस."

महिपती उभा राहिला. त्याचे सहा दिवस त्याच्या डोळ्यांसमोर घासाघासाने जात होते. मोडलेले दुरुस्त करता येते. खाल्लेल्याचे काय करायचे? चंद्रीने मागची सीट तळापर्यंत पुसून घेतली, फळी चाटली, एक समाधानाचा हुंकार दिला आणि रवंथ करीत तिथेच बसली.

कस्तुराबाई वळल्या. "काय घातलंवतं ह्यात?"

"आंबेमोहराचा पेंढा. मिठाचं पानी. आन गुळाचा खडा."

"कुणी केलं?"

हा प्रश्न विहीणबाईंनी विचारावा म्हणून महिपती तीन महिने झुरला होता. उत्तर पाठ होते. फक्त ते द्यायची वेळ अशी येईल असे त्याला वाटले नव्हते.

"म्या," तो म्हणाला. मग आपोआपच त्याचा आवाज चढला. "म्या केलं. सोताच्या हातानं!"

"डाक्तरला जमलं न्हाई त्ये तुमी केलंत." कस्तुराबाईंनी चक्क हात जोडले. "आता सांजच्याला काय घालू तिला? म्होरल्या शिटीत बी त्येच हाय का?"

होते. महिपतीने ती सीट स्वतःच उसवली. शेजारची सरुबाई एव्हाना कुंपणापाशी आली होती. तिने सगळे बघून घेतले आणि विचारले, "भाऊ, आमचा बैल बी गप गप असतोय. वाईच मूठभर देताय का?" तिलाही मूठभर दिले. एका घटकेत मोटारीत दोन फळ्या आणि लाल रेक्झीनच्या रिकाम्या खोळी एवढाच ऐवज उरला.

आणि मग कान्हूभाऊ म्हणाले, "आन फेरी?"

शब्द अजून अर्धाच पुरा झाला होता. कस्तुराबाईंना उघड्या फळीवर बसवून गावभर न्यायचे म्हणजे वैशाखातलीच गत. महिपतीचा चेहरा उतरला. तो हळूच अल्लाउद्दीनभाईंपाशी गेला, आणि जे तो आठवडाभर बोलला नव्हता ते एका दमात बोलला.

"भाई, तुमी करा. माज्यानं न्हाई व्हायचं."

अल्लाउद्दीनभाई याचीच वाट बघत होते, पण त्यांच्या तोंडावर ते दिसले नाही. त्यांनी टोपी मागे सरकवली. "काथ्याचं सुंभ आहे का घरात? आणि दोन घोंगड्या?"

बैलगाडीच्या साठ्यातून सुंभाचे भेंडोळे निघाले. भाईंनी मागच्या सांगाड्याची फळी उचकटून काढली, सुंभ उभे-आडवे ओढून बाजेसारखे विणले, घट्ट इतके की बोटाने वाजवले तर वाजावे. त्यावर घोंगड्या, त्यावर रेक्झीन, बारीक बारीक टाके. त्या हातांचा वेग बघून महिपती स्वतःची अकरा भोके विसरला. दीड तासात सीट उभी राहिली. कस्तुराबाई बसल्या, आणि सुंभाने त्यांना अलगद झेलले.

फेरी निघाली. दारोदारी बायका उभ्या. चावडीपाशी माणसे जमलेली बघून महिपतीने मोटार थांबवली. चावडीवरून कुणीतरी ओरडले, "व्याहीबुवा, गादी झ्याक केली बरं का!"

हो म्हणून पुढे जाता आले असते. महिपतीने एकदा शेजारी बसलेल्या अल्लाउद्दीनभाईंकडे बघितले आणि तो फळीवर उभा राहिला.

"ही गादी ह्या अल्लाउद्दीनभाईनं केली. असा कारागीर पुन्याला बी न्हाई. म्या केली ती म्हशीनं खाल्ली!"

"आन समदी खाल्ली!" मागून कस्तुराबाई ठसक्यात म्हणाल्या. "काडी ठिवली न्हाई!" त्यांची मान चावडीपुढे अशी ताठ होती, जशी गादी आणि म्हैस दोन्ही त्यांनीच केली असावीत.

परत आल्यावर त्यांनी सुनेची ओटी भरली. पाच दिवसांची रजा ठरली होती. "पंधरा दिस ऱ्हा, लीले," त्या म्हणाल्या. "म्हायारची मानसं अशी मिळत न्हाईत." लीलाने मान खाली घातली, पण हसू तिला आवरले नाही. महिपतीने घसा खाकरत भलतीकडेच बघितले. डोळ्यात काहीतरी गेले होते म्हणे.

मोटार परतीला लागली. लीला मागे सुंभाच्या बैठकीवर ऐसपैस बसली होती. पुढे नुसती सागाची फळी आणि तिच्यावर दोन कारागीर. प्रत्येक खड्ड्याला दोघेही वर उडत होते आणि खाली आदळत होते. तळेगाव मागे पडले. वडगाव मागे पडले. अल्लाउद्दीनभाईंनी दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. शेवटी राहवेना.

"महिपतराव, आमच्या लेकीची, जैनबची, एक शेळी आहे. चार दिवस झाले, पाल्याला तोंड लावत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "घमेल्याला मीठ किती घातलं होतंत?"

महिपतीने चाकावरचे हात नीट केले. फळीवर तो जेवढा ताठ बसता येईल तेवढा ताठ बसला.

"नुसतं मीठ इचारून काय व्हतंय, भाई," तो म्हणाला. "त्याला हात लागतो. शेळी घरी घिऊन या, बघू."